डासबाईचं उत्तर

तंबाखूचे सोळा पुडे टेबलावर ओळीनं मांडून कोरीन म्हणाली, "मावशी, आधी हे पुढे ठेवायचं आणि मग विचारायचं, बरोबर ना? माझ्या आजीनं शिकवलंय मला. चुकलं असेल तर सांगा हं."

हिल्डानं शेगडीवरून चहाचं भांडं उतरवलं. पुड्यांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. चुकलेलं काहीच नव्हतं, आणि तेच तिला नको होतं.

"बस," ती म्हणाली. "बॅनक खा. कालची आहे, पण लोणी फासलं की कळत नाही."

कोरीन शहरात वाढलेली, पण रक्तानं आमचीच, उत्तरेतल्या आदिवासींपैकी. नदीच्या वरच्या अंगाला तिच्या आजीचं गाव. भाषा तेवढी येत नव्हती. बॅनकच्या जाड भाकरीचा तुकडा तोंडात असतानाच ती घाईघाईनं सांगू लागली. उद्या कोणी संशोधक आपल्या लोकांचं रक्त घ्यायला आला, म्हाताऱ्यांच्या गोष्टी टेपवर भरून न्यायला आला, तर त्यानं कसं वागायचं याचे नियम होतायत. सबंध देशासाठी. पण पक्के करायच्या आधी आपल्या माणसांची मतं घ्यायची आहेत. गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा. दक्षिणेतून नियम लिहिणारे व्हिटकरसाहेब येणार. हिल्डानं वडीलधारी माणसं जमवायची आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगायचं.

"माझं नाव कोणी सुचवलं गं तुला?"

"गावकचेरीतल्या त्या जाड्या माणसानं. म्हणाला, घरोघर फिरून माणसं गोळा करण्यात हिल्डाचा हात कोणी धरणार नाही."

मेल्यानं टोमणा मारला होता आणि या भाबड्या पोरीनं तो शाबासकी म्हणून घरपोच आणला होता.

हिल्डा नीपिन एकतीस वर्षं गल रॉकच्या दवाखान्यात मदतनीस होती. नर्सबाया दर दीड-दोन वर्षांनी बदलत, हिल्डा तिथंच. कोणाची साखर वाढली, कोणाच्या छातीत डाग निघाला, हे आपल्या भाषेत सांगायचं काम तिचं. १९८३ साली सांध्यांच्या दुखण्यावर काम करणारे एक डॉक्टर विमानानं आले. गोड बोलणारा माणूस. गावात निम्म्या बायकांची बोटं मुळ्यांसारखी वाकडी झालेली, त्यावर औषध शोधतो म्हणाले. कोणीतरी त्यांना रीत सांगितली असावी, कारण त्यांनी हिल्डासमोर तंबाखू ठेवला. आमच्याकडे समोर ठेवलेल्या तंबाखूला हात लावला की माणूस बांधला गेला. मग माघार नाही. देणाराही तितकाच बांधला जातो अशी आमची समजूत.

हिल्डानं तो उचलला आणि पुडे घेऊन दारोदार फिरली. एकशे अठरा माणसांनी हात पुढे केले, ते डॉक्टरांकडे बघून नव्हे, हिल्डाकडे बघून. प्रत्येकाच्या संमतीच्या कागदावर गावातली संपर्काची व्यक्ती म्हणून तिचंच नाव होतं.

एकशे अठरावी तिची स्वतःची लेक. लिओना, वय वर्षं नऊ. तुलनेला धडधाकट पोरंही हवीत, असं डॉक्टर म्हणाले होते. सुई बघून लिओना ओरडली, "आई, नको!" आणि हिल्डानं तिचा दंड घट्ट धरून ठेवला. डासच तर आहे गं, चावला की उडून जाईल, असं म्हणाली.

औषध आलंच नाही. डॉक्टरही पुन्हा फिरकले नाहीत. सोळा वर्षांनी गावातला एक शिकलेला मुलगा बातमी घेऊन आला, की त्या रक्तावरून भलत्यांनीच भलतंच लिहिलंय. आमचे पूर्वज कुठून आले, आमची डोकी अशी का फिरतात, आमच्यात दारूचं प्रमाण किती. गावाला कोणीही विचारलं नव्हतं. डॉक्टर दूर होते, हिल्डा समोर होती. तेव्हापासून ती गावाची डासबाई झाली. दुकानात, चर्चमध्ये, तोंडावर. पोरंटोरं कानाशी गुणगुण करून पळायची.

ते तिनं पचवलं. न पचलेली गोष्ट वेगळीच होती. १९८७ च्या मे महिन्यात तेरा वर्षांची लिओना पैलतीरावरच्या मैत्रिणीकडून परत येत होती. गोठलेली नदी फुटायला आठवडा राहिला होता. बर्फ खचला. अख्खं गाव अकरा दिवस लांब काठ्या घेऊन पाणी ढवळत होतं. हाती लागला एक हातमोजा. काठावर तिच्या नावाचा क्रूस आहे, पण त्याच्याखाली नुसती माती आहे. आमचे म्हातारे सांगतात, माणसाचा काही भाग कुठे अडकून राहिला तर त्याला पुढची वाट धरता येत नाही. लिओनाचं पाण्यानं नेलं ते नेलं. उरलं ते एवढंच, दक्षिणेतल्या कुठल्याशा फ्रीजरमधली करंगळीएवढी एक कुपी. ती आणायची आणि त्या मातीत ठेवायची, एवढं एकच हिल्डाला या जन्मी करायचं होतं.

आणि ती कुपी तिथं होती, याची तिला खात्री होती. पाच वर्षांपूर्वी त्या डॉक्टरांच्या विद्यापीठाकडून तिच्या नावानं पत्र आलं होतं, ते हातमोज्याच्या डब्यात जपून ठेवलेलं होतं.

"पोरी," तिनं विचारलं, "मागं जे नेलं ते परत द्या, असं मी तुझ्या सभेत म्हटलं तर?"

"म्हणा ना! त्यासाठीच तर येतोय आम्ही. जे जे बोलाल ते लिहून घेणार."

हिल्डानं हात पुसले आणि पहिला पुडा उचलला.

दुसऱ्या दिवशी दोघी घरोघर निघाल्या. मार्च महिना, बर्फ वरून कडक, आतून भुसभुशीत. पहिल्या घरी म्हाताऱ्यानं चहा दिला, मूस हरणाच्या मटणाचा रस्सा दिला, यंदा फासात कातडीसाठी किती मार्टिन सापडले ते सांगितलं. हिल्डानं तंबाखू ठेवून सभेचं विचारलं, तर तो खिडकीबाहेर बघत बसला. पाच मिनिटं गेली. हिल्डानं पुडा उचलून पिशवीत टाकला आणि उठली.

बाहेर आल्यावर कोरीन म्हणाली, "अहो, पण ते काय म्हणाले?"

"नाही म्हणाला."

"ते तर काहीच बोलले नाहीत!"

"तेच ते." हिल्डा प्रथमच मोकळी हसली. "समोर बसलेल्याला तोंडावर नाही म्हणायला काय आम्ही जंगली आहोत? गप्प बसायचं. ऐकणाऱ्याला अक्कल असते, तो उठतो. आजीनं हे नाही वाटतं शिकवलं?"

मौन म्हणजे संमती, असं जगात इतरत्र मानत असतील बुवा. आमच्या नदीवर मौन म्हणजे साफ नकार. कोरीननं वहीत ते लिहून घेतलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

चौथं घर आयझाया बियर्डीचं. चौऱ्याऐंशीचा म्हातारा, डोळे अधू, जीभ तेवढी धारदार. त्याच्या शब्दावर निम्मं गाव उठतं-बसतं. दार उघडताच त्यानं मान वर केली.

"आली का डासबाई! पोट भरलं नाही वाटतं मागच्या खेपेला? बघ बाई, माझ्यात आता थेंब उरला नाही. नुसता चहा निघेल."

"चहाच प्यायला आलेय, आयझायाबाबा."

"मग कप घे. तो नको, तो एमिलीचा आहे."

एमिली त्याची बायको. जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचा निळ्या काठाचा कप अजून खिळ्याला टांगलेला होता. एकशे अठरांत तिचंही नाव होतं, वाकड्या बोटांमुळे सगळ्यात आधी.

हिल्डानं पुडा ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. हिल्डा उठायच्या बेतात होती, तेवढ्यात तो म्हणाला, "मत हवंय त्यांना? माझं मत एकच. आमची माणसं थंडीत ठेवलीत, ती घरी आणा. मग पुढचं बोलू. एमिलीला थंडी कधी सोसली नाही गं. जुलैमध्ये मोजे घालायची."

"तेच मागायचंय बाबा मला. आहेत तिथं, नीट आहेत. पत्र आहे माझ्याकडे. नष्ट करू का म्हणून विचारलं होतं त्यांनी."

"मग? तू काय सांगितलंस?"

"काही नाही. उत्तरच दिलं नाही."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलल्या. "म्हणजे इतकी वर्षं राखण करत बसलीस की," तो म्हणाला आणि तंबाखू उचलून खिशात टाकला. "येतो. डास झाला तरी कधीतरी शहाणा होतो म्हणायचा."

हिल्डा त्या घरातून बाहेर पडली ती वीस वर्षांनी ताठ मानेनं. आयझाया येणार म्हटल्यावर बाकीची दारंही उघडली. सोळातले चौदा पुडे गेले.

गुरुवारी हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. व्हिटकरसाहेब उंच, पांढऱ्या दाढीचे, माणूस वाईट नव्हता. बर्फात बूट ओले झाले तर मोज्यांवरच बसले. भिंतीवर त्यांनी मोठमोठे कागद चिकटवले होते, एकेका कलमाला एक. अगदी कडेला एक कागद 'इतर मुद्दे' म्हणून. कोरीन टिपणं घेत होती.

आयझाया उठला. टोपी काढली. "माझी बायको अजून थंडीत आहे," त्यानं सुरुवात केली. हिल्डा वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेली. शेवटी म्हातारा म्हणाला, "साहेब, तुम्ही वाट आखताय, चांगलं आहे. पण आधी जे नेलं ते आणा."

व्हिटकरसाहेबांनी मान हलवली. "हे फार महत्त्वाचं आहे. पण मला खरं सांगायला हवं. हे नियम इथून पुढच्यासाठी आहेत. मागचं यात येत नाही. तरी मी नोंद घेतो." आणि त्यांनी ते कडेच्या कागदावर लिहिलं.

पण हिल्डाकडे पत्र होतं. तिनं पर्स उघडली, हातमोज्याचा डबा काढला, त्यातून पत्र काढून साहेबांच्या हातात दिलं.

"तुमच्या नियमांची गरजच नाही," ती म्हणाली. "विद्यापीठानं मला विचारलंय. बघा. हे नमुने नष्ट करायला तुमची संमती आहे का, असं. खाली दोन चौकोन आहेत, हो आणि नाही. म्हणजे माझ्याशिवाय त्यांना काही करता येत नाही. आता परत कसे मागायचे तेवढं सांगा. मला माझ्या मुलीचं न्यायचंय."

साहेबांनी पत्र वाचलं. "तुम्ही उत्तर काय पाठवलंत?"

"काहीच नाही," हिल्डा म्हणाली. आवाजात अभिमान होता, का नसावा? मग तिनं तेच आपल्या भाषेत हॉलला सांगितलं. चौदा म्हाताऱ्या माना हलल्या. कोणीतरी म्हणालं, "बरोबर केलंस." डासबाईला त्या गावात बरोबर केलंस म्हणणारं ते पहिलं माणूस.

साहेबांनी पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरं होती. ते वाचू लागले आणि वाचतच राहिले. मग त्यांनी पत्र कोरीनकडे दिलं. पोरीनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही मागची बाजू..."

"मागं काय आहे?"

कोरीननं वाचून दाखवलं. "या पत्राच्या तारखेपासून नव्वद दिवसांत उत्तर न आल्यास गावाची हरकत नाही असे समजून सर्व नमुने जाळून नष्ट करण्यात येतील."

हिल्डानं पत्र हातात घेतलं. अक्षरं होती. पाच वर्षं तिथंच होती. त्या दिवशी तिनं प्रश्न वाचला होता, दोन चौकोन पाहिले होते आणि 'नाही'वर फुली मारून कोणाला तोंडावर दुखवायचं नाही म्हणून घडी घालून डब्यात ठेवलं होतं. आपल्या गप्प बसण्यानं तिथं पहारा बसलाय, अशा समजुतीनं ती पाच वर्षं सुखानं झोपली होती.

साहेब बाहेर जाऊन विद्यापीठाला फोन करून आले. दारातच त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"काय म्हणते पोरगी?" आयझायानं विचारलं. "तो का हिंडतोय? सांग की."

सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. भाषा तीच सांभाळत होती. हिल्डा उठून उभी राहिली आणि एकतीस वर्षं साखर आणि छातीतले डाग जसे सांगत आली, त्याच सावकाश, स्वच्छ आवाजात म्हणाली, "मागच्या बाजूला लिहिलं होतं, उत्तर आलं नाही तर हो समजू. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी जाळलं."

"एमिलीचं?"

"सगळ्यांचं, बाबा."

"जाळलं," म्हातारा स्वतःशीच म्हणाला. त्यानं टोपी डोक्यावर घातली, पण उठला नाही. 

व्हिटकरसाहेबांचे डोळे भरले होते, खोटं कशाला बोला. "मला अतिशय वाईट वाटतंय," ते म्हणाले. "आपण इथंच थांबायचं का?" कोणी काही बोललं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. विमान चारला होतं. मग हलकेच भिंतीवरच्या पुढच्या कागदापाशी गेले. "तर कलम सात. संमती. कोणाची हरकत?"

हॉल गप्प. चौदा माणसं जमिनीकडे बघत, ओठ मिटून, आमच्या भाषेत जितक्या जोरानं ओरडता येतं तितक्या जोरानं ओरडत होती. साहेबांचं जाड पेन कागदाकडे वळलं.

"सर, थांबा," कोरीन म्हणाली, "इथं गप्प म्हणजे..."

"नाही!" हिल्डा ओरडली.

चौदा जणांनी दचकून वर पाहिलं. त्रेसष्ट वर्षांत तिनं तो शब्द परक्याच्या तोंडावर कधी उच्चारला नव्हता. म्हातारी माणसं पाहुण्यासमोर शरमली, एकीनं तोंडाला रुमाल लावला.

"नक्की कशाला नाही?" साहेबांनी हळूच विचारलं.

"गप्प बसलेल्याचं हो धरू नका. एवढं एक लिहा. बाकी काही लिहू नका, पण हे लिहा. माझी पोर गेली हो त्यात, दुसऱ्यांदा गेली."

त्यांनी लिहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं. पण कलम सातच्या कागदावर जागा उरली नव्हती, म्हणून कडेच्या कागदावर लिहिलं.

ऑक्टोबरात पातळसं पुस्तक टपालानं आलं. पंचेचाळीस गावांची मतं. गल रॉकला दोन ओळी होत्या: 'चौदा वडीलधाऱ्यांचा सहभाग. चर्चा खेळीमेळीची. एक हरकत, सध्याच्या मसुद्याच्या कक्षेबाहेरची.' सोबत एक कागद. अहवाल मान्य आहे का? दोन चौकोन.

हिल्डानं कागद उलटा केला. मागं उत्तरासाठी साठ दिवसांची मुदत लिहिली होती.

तिनं 'नाही'वर फुली मारली, इतकी जोरात की कागद फाटला. मग कोरीनला फोन लावला. ती ढसाढसा रडली. म्हणाली, "मी सगळं लिहून दिलं होतं मावशी, सगळं. वरच्या लोकांनी लहान केलं. प्रत्येकाला वेगळा कागद पाठवता येतो. जेवढे 'नाही' येतील तेवढे पाठवा." तिनं दुकानातल्या फॅक्सवर कोरा कागद पाठवला, हिल्डानं त्याच्या चौदा प्रती काढून घेतल्या.

पहिलं घर तिनं आयझायाचं धरलं. मार्चपासून त्यानं तिचं दार पाहिलं नव्हतं, की तिनं त्याचं. म्हाताऱ्यानं पावलं ओळखली. उठला, चहा ओतला, कप तिच्यापुढे सरकवला. तिनं कागद टेबलावर ठेवला, दोन्ही बाजू वाचून दाखवल्या, पेन काढून त्याच्या हाताशी ठेवलं.

"फुली मारायची बाबा, इथं. गप्प राहिलात तर ते हो धरतात. ठाऊक आहे ना आता आपल्याला?"

म्हातारा खिडकीकडे तोंड करून बसला. बाहेर नदी काठाकाठानं गोठायला लागली होती. पेन होतं तिथंच पडून राहिलं.

"माझ्यासाठी नको. एमिलीकाकूसाठी मारा."

शेगडीत लाकूड खचलं. दुकानावरून एक गाडी गेली. हिल्डानं बराच वेळ वाट पाहिली.

"शिव्या द्या हवं तर," शेवटी ती म्हणाली. "बाबा, एकदा डासबाई तरी म्हणा."

आयझाया काहीच बोलला नाही.

हिल्डाला अक्कल होती. तिनं चहा तळापर्यंत प्यायला, कप विसळला, पुसला आणि एमिलीच्या कपाशेजारच्या फळीवर पालथा घातला. मग कोटाची बटणं लावली आणि निघाली. टेबलावर कागद होता तसाच होता, दोन्ही चौकोन रिकामे.